कलम नको

कोल्हापूरच्या स्टँडवर उसाच्या रसाचा ग्लास हातात धरून ती म्हणाली, "आमसुलांना आजचं पुट राहिलं."

मी म्हणालो, "इठाबाईला सांगून आलोय ना आपण."

"ती वरखाली करील. पुट नाही देणार. तिला वाटतं एकदा वाळलं की झालं."

मे महिना होता. घरी अंगणात रातांब्याची सालं वाळत पडली होती. पिकलेला रातांबा फोडायचा, गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, सालं उन्हात टाकायची. वाळली की ती त्याच गराच्या रसात मीठ घालून बुडवायची आणि पुन्हा उन्हात टाकायची. यालाच पुट म्हणतात. पुटापुटाला साल काळं होत जातं आणि मग त्याला आमसूल म्हणायचं. आमच्याकडे दरवर्षी तिच्या माहेरून रातांब्यांची डाली यायची. तिचा भाऊ भिकाजी पाठवायचा. एवढ्या वर्षांत ती कधी चुकली नाही.

"ते राहू दे," मी म्हणालो. "डॉक्टर काय म्हणाले ते सांग."

दवाखान्यात मी खाली औषधांच्या रांगेत उभा असताना डॉक्टरांनी तिला आत बोलावलं होतं. मी वर आलो तर ती पिशवी घेऊन जिन्यात उभी. "चला, गाडी चुकेल," एवढंच म्हणाली.

तिने रस संपवला. ग्लास दुकानदाराला परत दिला. पदराने तोंड पुसलं.

"त्यांनी विचारलं, बरोबर कोण आहे. मी म्हटलं, आहेत, पण ते रांगेत आहेत. मला सांगा, मी त्यांना सांगते."

"मग?"

"गाठ पसरलीय. कापून उपयोग नाही म्हणाले. मी विचारलं, मग किती. बराच वेळ टेबलावरचं पेन फिरवत बसले. मग म्हणाले, पावसाळा निघेल कदाचित."

आमच्या समोर एक गाडी मागे येत होती. कंडक्टर शिट्टी वाजवत होता. मी एसटीत फिटर म्हणून नोकरी केली. गाडीचा आवाज ऐकून मला तिचं दुखणं कळायचं. त्या गाडीची क्लच प्लेट गेली होती. मी तेवढंच ऐकत राहिलो.

"तुमचा रस," ती म्हणाली. "बर्फ विरघळला. पाणचट होईल, पिऊन टाका."

मी प्यायलो.

गगनबावड्याला गाडी थांबली तेव्हा बायका करवंदांचे द्रोण घेऊन खिडकीखाली आल्या. तिने एक द्रोण घेतला. घाटात धुकं नव्हतं, पण उन्हाने सगळं पांढुरकं झालं होतं, दरी कुठे संपते आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नव्हतं. ती करवंदं एकेक करून खात होती आणि चिकाने ओठ चिकटले की हसत होती. मला वाटलं, मी स्टँडवर ऐकलं ते चुकीचं ऐकलं असेल.

"मला भराडवण्याला जायचंय," ती म्हणाली. भराडवणे म्हणजे तिचं माहेर, खाडीपलीकडे. "याच आठवड्यात."

"या उन्हात? आधी वृषालीला फोन करू. ती येऊ दे. मग मुंबईला दुसऱ्या डॉक्टरांना..."

"दुसऱ्यांना दाखवू. तुम्ही म्हणाल त्यांना दाखवू. आधी भराडवणे. आईच्या रातांब्याखालचं एक रोप आणायचंय मला."

"रातांबाच लावायचा ना? मग रोप कशाला? कलम आणू. नर्सरीत मिळतं. रोपाचा काय भरवसा?"

हे कोकणात सगळ्यांना माहीत असतं. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी. बीपासून आलेलं रोप नर आहे की मादी, ते फुलल्याशिवाय कळत नाही, आणि फुलायला सात-आठ वर्षं जातात. तेवढं पाणी घालून नर निघाला तर एक फळ मिळत नाही. लोक तोडतात आणि चुलीत घालतात. कलम मादी झाडाच्या काडीचं असतं, चार-पाच वर्षांत धरतं.

"कलम नको," ती म्हणाली.

"अगं, पण का?"

"नको."

थोड्या वेळाने तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपली. भर गाडीत तिने असं कधी केलं नव्हतं. करवंदांचा द्रोण माझ्या हातात होता. घाट उतरेपर्यंत मी हात हलवला नाही.

*

घरी आलो तेव्हा इठाबाई अंगणात बसून कावळे हाकत होती. इठाबाई आमची शेजारीण, दोन घरांच्या परड्यांमध्ये फक्त निवडुंगाचं कुंपण.

"काय म्हणाला डॉक्टर?" तिने विचारलं.

"म्हणाला, इठाबाईने पुट दिलं नसेल तर आमसूल पांढरं राहील," बायको म्हणाली.

"गेलीस उडत! रस कुठे ठेवलास ते सांगितलंस का मला?"

दुसऱ्या दिवसापासून तिने मला कामाला लावलं. मी आयुष्यात कधी आमसुलाला हात लावला नव्हता. ती ओटीवर पाटावर बसायची आणि मी अंगणात.

"बुडवा. दाबून बुडवा. नुसतं ओलं करू नका."

"हात काळे झाले."

"ऑइलने होत नव्हते का? तेव्हा नाही तक्रार केलीत." आणि मग, "मीठ मुठीने नाही घालायचं. रस चाखून बघा. जीभ मागे सरली की पुरे."

मी चाखायचो. जीभ मागे सरली की तिच्याकडे बघायचो. ती मान हलवायची. दुपारी अंगणात आंबट वास भरून राहायचा, माश्या घोंघावायच्या, आणि ती डोळे मिटून बसलेली असायची. झोपली असं वाटून मी उठायला लागलो की म्हणायची, "त्या कडेची राहिली."

*

भराडवण्याला जायला आम्हाला आधी एसटी आणि मग होडी लागायची. पूल तेव्हा झाला नव्हता. होडीत बसली आणि तिचं बोलणं बदललं. माहेरच्या वाटेवर ती नेहमी मालवणीत शिरायची. नावही बदलायचं. आमच्याकडे लग्नात तिचं नाव मंगल ठेवलं होतं, पलीकडच्या काठावर ती शेवंता होती.

भिकाजी परसात आंब्याच्या फांद्या तोडत होता. कोयता टाकून धावत आला.

"इलंस गे शेवंते! आणि भावजी पण! पाव्हण्यांका पाणी द्या गे कोणतरी!"

वहिनीने गूळपाणी आणलं. जेवणं झाली. सोलकढी तिने दोन वाट्या घेतली आणि भात ताटात तसाच ठेवला. वहिनी मला ताटाकडे बघताना दिसली.

मग आम्ही परसात आलो. तिच्या आईचा रातांबा विहिरीच्या पलीकडे होता. फार उंच नाही, पण फांद्या खाली लोंबणाऱ्या, आत शिरलं की संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. खाली पिकलेली फळं पडलेली, पाय ठेवू तिथे लाल. झाडाच्या सावलीत मागल्या वर्षी रुजलेली वीतभर उंचीची रोपं होती.

ती खाली बसली आणि एकेका रोपाचं पान बोटात धरून बघू लागली.

"दादा, यातला एक माका होया."

"घे की. मिरग लागांदे, मीच घेवन येतंय तुज्याकडे."

"आताच होया."

"आता? मे महिन्यात?" भिकाजी माझ्याकडे बघून हसला. "येडी काय गे तू? ह्या उन्हात काढलां तर सुकान जातलां. सोटमूळ खोल आसता त्याचा. पाऊस पडांदे, माती भिजांदे."

"माका आताच होया, दादा."

"पण कित्याक? मिरगाक किती दिवस रवले? रोपटां काय खंय पळान जाता?"

"रोपटां नाय रे जाणा," ती म्हणाली.

भिकाजीचं हसू तसंच तोंडावर राहिलं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली पडलेल्या फळांकडे बघत होतो. विहिरीवर रहाटाची दोरी वाऱ्याने हलत होती.

तो वळला. लुंगी वर खोचली आणि पहार आणायला गेला.

पहार घेऊन आला तेव्हा मी पुन्हा माझंच काढलं. "भिकाजी, तू कलमं बांधतोस ना? तुझ्याकडचं एक कलम दे हिला. खात्रीचं. आईच्याच झाडाचं."

"आसत की. मागल्या दारी आसत पाच-सात. शेवंते..."

"कलम नको," ती म्हणाली.

"मग तीन रोपां घेवन जा. एक तरी मादी गावतली."

"एकच. हे तिघांका पाणी घालूचे नाय. एकाच्या मागे लागले तर लागतले." आणि माझ्याकडे वळून, साध्या भाषेत, "तुम्ही जा ना, वहिनीकडून जुनं गोणपाट आणा. ओलं करून आणा."

मी आत गेलो. वहिनीला गोणपाट सापडेना, मग माळ्यावरून काढलं, त्यातल्या उंदराच्या लेंड्या झटकल्या, मग ते विहिरीवर भिजवलं. परत आलो तेव्हा रोपाभोवती भिकाजीने हंड्याएवढी माती कापून काढली होती. तो उकिडवा बसला होता आणि टॉवेलने तोंड पुसत होता. बराच वेळ पुसत होता. ती त्याच्या शेजारी मातीत बसली होती आणि तिचा हात त्याच्या पाठीवर होता.

"घाम," भिकाजी मला म्हणाला.

कलमाचं तो पुन्हा बोलला नाही. रोपाची माती त्याने गोणपाटात बांधली, काथ्याने आवळली, आणि होडीपर्यंत स्वतः छातीशी धरून आणली.

होडी निघाली तेव्हा भरती चढत होती. पाणी अगदी गुळगुळीत होतं, वल्ह्याचा आवाज सोडला तर काही नाही. ती रोप मांडीवर घेऊन बसली होती, एका हाताने गोणपाट आणि दुसऱ्या हाताने पानांवर पदराची सावली. काठावर भिकाजी उभा होता. तो नेहमी होडी सुटली की वळून जायचा, कारण परसात काम असायचं. त्या दिवशी तो लहान होत होत एका ठिपक्याएवढा झाला तरी उभाच होता.

"हात कर की त्याला," मी म्हणालो.

"दोन्ही हात गुंतलेत," ती म्हणाली. "तुम्ही करा."

मी हात केला.

एसटीत कंडक्टर ओळखीचा निघाला, राजापूर डेपोचा.

"काय तोडणकर मामा! मामी, ह्या पोराचं तिकीट?"

"मांडीवरच्याला तिकीट नसतं," ती म्हणाली.

"तीन वर्षांवरचा दिसतोय हो."

"एका वर्षाचा आहे. बघ की, अजून दात नाहीत."

गाडीतली माणसं हसली. कुणीतरी पिण्याच्या बाटलीतलं पाणी पुढे केलं, पोराला पाजा म्हणून. तिने ओंजळीत घेऊन ते गोणपाटावर शिंपडलं.

*

न्हाणीचं पाणी जिथे परड्यात उतरतं तिथे तिने जागा दाखवली. मी खड्डा खणला, त्यात घरचं शेणखत टाकलं, वर माडाच्या झावळ्यांची सावली केली. वृषाली आली होती तोपर्यंत, डोंबिवलीहून. तिने आईजवळ बसून खूप रडून घेतलं होतं आणि आता झावळ्या धरून उभी होती.

"आई, हे आठ वर्षांनी फळणार?"

"फुलणार. फळेल की नाही ते तेव्हा."

"आणि मग नर निघाला तर?"

"तुझ्या बापाला विचार. त्यांना नर फार नकोसे आहेत."

भिकाजी म्हणाला होता तसंच झालं. आठवड्याभरात सगळी पानं गळली. राहिली एक काठी, दात कोरायला घ्यावी एवढी. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होतो आणि काठी बघत होतो. मध्ये मुंबईला जाऊन आलो. तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. परतल्यावर मी न्हाणीमागे जाऊन नखाने काठीचं साल जरासं खरवडून बघितलं. आत हिरवं होतं की नव्हतं, मला सांगता येईना.

मग एक दिवस मी राजापूरला गेलो आणि नर्सरीतून कलम घेऊन आलो. काळ्या पिशवीत, छान चार पानांचं, जोडावर पट्टी बांधलेलं. तिच्यासमोर ओटीवर ठेवलं.

ती खाटेवर पडून होती. उठून बसली, कलमाच्या पानाला हात लावला.

"छान आहे," ती म्हणाली. "इठाबाईच्या परड्यात लावा."

"अगं, त्या काठीला पाणी घालून काय होणार आहे? मेली ती. उद्या तू..." मी थांबलो.

"बोला."

"तुला बघायला तरी मिळेल. चार पानं तरी."

"मला चार पानं नकोत. इठाबाईला द्या. आणि काठीला पाणी घाला."

"किती दिवस?"

"घालत राहा."

मला राग आला होता. तिचा नाही, त्या काठीचा. मी कलम घेऊन कुंपणापलीकडे गेलो. इठाबाईला कळेना की मी तिच्या परड्यात खड्डा का खणतोय आणि माझं तोंड असं का झालंय. ती पाण्याची बादली घेऊन आली.

आमसुलं तोवर तयार झाली होती. ती काचेच्या बरणीत भरली. वृषालीला एक पिशवी, भिकाजीला एक, इठाबाईला एक. रातांब्याच्या बिया वाळवून इठाबाईने त्यांचं तेल काढून आणलं. थंड झालं की ते मेणासारखं घट्ट होतं, पांढरा गोळा. आमच्याकडे भेगा पडलेल्या टाचांना लावतात. पाऊस सुरू झाल्यावर संध्याकाळी तिने मला खाटेच्या कडेला बसवलं आणि म्हणाली, पाय वर घ्या.

"तू लावणार? राहू दे, मी लावतो."

"तुम्ही कधी लावलंय? घ्या वर."

तिच्या बोटांत जोर नव्हता. तेल भेगेत जायच्या आधीच ती दमायची, थांबायची, पुन्हा लावायची. बाहेर पागोळ्या पडत होत्या. एका पायाला लावून झालं आणि दुसऱ्या पायावर हात ठेवूनच ती झोपली.

आषाढात एका सकाळी मी न्हाणीमागे गेलो तर काठीच्या टोकाला काहीतरी लाल होतं. आधी वाटलं मुंगळा आहे. वाकून बघितलं. कोवळं पान होतं, तांब्याच्या रंगाचं, अजून नीट उलगडलेलं नव्हतं.

मी आत गेलो आणि तिला उचललं. उचलताना जपून उचलायला हवं होतं, पण वजनच राहिलं नव्हतं, एकदम वर आली. मागल्या दारात घोंगडी टाकून तिला भिंतीला टेकवून बसवलं. पाऊस थांबला होता. तिला पान दिसेना, मग मी झावळी बाजूला केली.

"दिसलं?"

"दिसलं." ती बघत राहिली. "लागलं ते."

"तूच जिंकलीस."

"आता घाई करू नका," ती म्हणाली. "त्याला खत बित जास्त घालू नका. सावकाश येऊ दे."

पावसाळा निघाला नाही. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती गेली.

*

त्यानंतर वृषाली दर काही दिवसांनी फोन करायची. "बाबा, इकडे या. एकटे काय करता तिथे?"

"झाडाला पाणी कोण घालील?"

"इठाबाई घालतील की."

"ती तिच्या झाडाला घालते."

"त्या एका झाडासाठी थांबता?"

"त्यासाठीच."

खोटं नव्हतं. पहिल्या वर्षी मी दुसरं काही करत नव्हतो. सकाळी उठायचं कशाला, तर पाणी घालायला. पावसाळ्यात पाणी घालावं लागत नाही, तरी जाऊन बघायचो. गुरं येऊ नयेत म्हणून कुंपण घातलं. वाळवीसाठी राख टाकली. उन्हाळ्यात न्हाणीचं पाणी पुरेना, मग विहिरीवरून कळशी. मे महिना आला की भिकाजी डाली पाठवायचा, पहिल्यासारखीच. मला वाटलं होतं, ती गेल्यावर तो थांबेल. मी अंगणात बसून पुटं द्यायचो. वृषाली मुलांना घेऊन यायची आणि माझे काळे हात बघून पोरं हसायची. रस चाखून जीभ मागे सरली की मी ओटीकडे बघायचो.

इठाबाईचं कलम पाचव्या वर्षी धरलं. कुंपणाच्या वरून लाल फळं दिसायची. इठाबाई सूप भरून द्यायला आली तेव्हा जरा लाजली.

"तुमचंच झाड आहे," ती म्हणाली.

"तिने तुला दिलं."

"तुमचं अजून...?"

"येईल."

माझं झाड तेव्हा माझ्या खांद्याएवढं होतं. सरळ, गर्द, एक वाकडी फांदी नाही. दर थंडीत मी त्याच्या फांद्या वाकवून पानांच्या बगला बघायचो.

मग एका पौषात ते फुललं. फांद्यांवर घोसच्या घोस. पिवळट गुलाबी, मण्यांसारखी. मी इठाबाईला हाक मारली. ती कुंपणाला वळसा घालून आली, एक घोस हातात घेतला, एक फूल सोलून बघितलं. मग दुसरं. मग तिसरं.

"काय गं?"

"नर आहे," ती म्हणाली. "मादीला एवढे घोस येत नाहीत. आणि फुलात बारीक गाठ असते, ती नाही यात."

मी घरात गेलो आणि कोयता घेतला. न्हाणीपर्यंत आलो. झाडावर मधमाश्या होत्या, एवढ्या की झाड गुणगुणत होतं. मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो. मग कोयता परत खुंटीला लावला, शर्ट बदलला आणि भराडवण्याची गाडी पकडली.

आता खाडीवर पूल आहे. होडी लागत नाही. तिच्या माहेरचा काठ कधी येतो ते कळतही नाही.

भिकाजी म्हातारा झाला होता. रातांब्याखाली खुर्ची टाकून बसला होता.

"फुलला," मी म्हणालो.

"मगे?"

"नर."

तो हसायला लागला. आवाज न करता, सगळं अंग हलवून. मला ते आवडलं नाही.

"हसतोस काय? इतकी वर्षं पाणी घातलंय. तेव्हा कलम दिलं असतंस तर आज..."

"बसा, भावजी. बसा हय." त्याने डोळे पुसले. "त्या दिवशी तुमी गोणपाट आणूक गेलास. याद आसा?"

"आहे."

"तेव्हा तिना माका सगळा सांगल्यान. दुखण्याचा. मगे मी इचारलंय, शेवंते, कलम कित्याक नको गे? खात्रीची मादी. चार वर्सांत धरतली. तर म्हणाली, चार वर्सां कमी पडतली."

"कमी? कशाला?"

"तुमका." भिकाजी माझ्याकडे न बघता बोलत होता. "म्हणाली, कलम धरला की ह्यांचा काम संपला. रोपाक आठ वर्सां लागतत. आठ वर्सां हे रोज उठतले, पाणी घालतले. तवसर सवय होतली."

वरून एक पिकलं पान पडलं आणि त्याच्या मांडीवर राहिलं. त्याने ते काढलं नाही.

"मी इचारलंय, आणि नर निघालो तर? तर हसली. म्हणाली, मगे आणखी बरा. मगे तुज्याकडे येतले, काडी बांधूक."

वहिनी चहा घेऊन आली. आम्ही चहा प्यायलो. नर झाडावर मादीची काडी बांधता येते, हे मला माहीत होतं. तेवढ्या वेळात आठवलं नव्हतं, एवढंच.

"ह्या आईच्याच झाडाची काडी देतंय," भिकाजी म्हणाला. "पावसाळो सरलो की येतंय आणि बांधतंय. चार वर्सांत धरतली बगा. आमसुलां करून करून कंटाळशात."

"ये," मी म्हणालो.

याला बरीच वर्षं झाली. माझं झाड आता छपराच्या वर गेलं आहे. दर पौषात फुलतं. इठाबाई म्हणते, त्याच्यामुळे तिचं कलम पहिल्यापेक्षा दुप्पट धरतं, आणि सूप भरून आणून देते. मी पुटं देतो, वृषाली येऊन घेऊन जाते. पावसाळा सरला की भिकाजीचा फोन येतो. त्याचे हात आता थरथरतात. मुलगा बांधील, मी बाजूला बसतो, म्हणतो. काडी कधी बांधूया, असं विचारतो. मी म्हणतो, बघू, पुढच्या वर्षी. मग आम्ही दुसरं बोलतो.

मी रोज सकाळी उठतो आणि झाडाला पाणी घालतो. काडी अजून बांधलेली नाही.